चार चाकं, सात सह्या

डॉर्टमुंडच्या मुख्य स्टेशनातून पर्यटक दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतात. समोर फुटबॉलचं राष्ट्रीय संग्रहालय, जरा पलीकडे बाजारपेठ आणि युनियन ब्रुअरीच्या जुन्या इमारतीवरचं ते अवाढव्य 'यू' अक्षर. काखेत स्केटबोर्ड असलेल्याने मात्र उत्तरेचं दार धरावं. तिकडे नॉर्डश्टाट लागतं. कोळसा, पोलाद आणि बिअर या तीन धंद्यांवर डॉर्टमुंड वाढलं, त्यातल्या पोलाद कामगारांची ही वस्ती. आज इथे तुर्की, अरबी, रोमानियन अशा बोली कानावर पडतात आणि शहरातले प्रतिष्ठित लोक इकडचं नाव काढलं की किंचित नाक मुरडतात.

स्टेशनापासून चालत काही मिनिटांवर डीट्रिश कोयनिंग हाउस आहे. हे नगरपालिकेचं सांस्कृतिक केंद्र, एका माजी महापौराचं नाव दिलेलं. शहराचा स्केटपार्क त्याला लागूनच. पाऊस थांबला की इथलं पहिलं काम म्हणजे पाणी ओढणं. कोणीतरी फरशी पुसायचा लांब दांड्याचा रबरी वायपर घेऊन येतो, दोघं-तिघं काँक्रीटवरचं डबकं कडेला ढकलतात, एखादा आपला जुना टीशर्ट काढून कोपरे टिपतो. कोण स्थानिक, कोण पाहुणा हे विचारत नाहीत. वायपर हातात देतात. नवख्याने ट्रिक पाडली की बाकीचे बोर्डाची शेपटी काँक्रीटवर आपटतात. इथली दाद ती हीच.

स्केटबोर्डिंग म्हणजे बंडखोरी, असं आपण कॅलिफोर्नियाच्या चित्रफिती पाहून धरून चाललेलो असतो. डॉर्टमुंड ज्या रूर खोऱ्यात आहे, तिथे फिरताना मला नेमकं उलटं दिसत गेलं. इथे हा खेळ टिकला तो शिक्षक, संस्था आणि नगरपालिकेच्या फायलींमुळे. हे ऐकून तिथले पोरगेलेसे स्केटर माझ्यावर चिडतील, पण पुरावा माझ्याच बाजूने आहे.

जर्मनीत संस्था नोंदवायला किमान सात सभासद लागतात. सात जणांनी घटनेवर सह्या केल्या, न्यायालयाच्या दप्तरी नोंद झाली, की तुमच्या टोळक्याला तोंड फुटतं: जागा मागता येते, विमा उतरवता येतो, बैठकीला बोलावणं येतं. खाणकामगारांच्या या पट्ट्यात कबुतरं पाळणाऱ्यांपासून बागवाल्यांपर्यंत साऱ्यांनी हाच मार्ग धरला. खुद्द बोरूसिया डॉर्टमुंड हा क्लब 1909 च्या डिसेंबरात याच नॉर्डश्टाटमध्ये, बोर्सिगप्लात्सजवळच्या एका गुत्त्यात जन्मला. चर्चच्या युवक मंडळातल्या पोरांनी फुटबॉल खेळू नये म्हणून तिथले पाद्री हटून बसले होते. पोरांनी वेगळी संस्थाच काढली. आज स्केटरांवर जे आरोप होतात, त्यातले बरेचसे तेव्हा फुटबॉलवर होत होते.

शिक्षकांचं म्हणाल, तर तासाभराच्या अंतरावरचं म्युन्स्टर गाठावं लागतं. टिटुस डिटमान तिथे शाळेत शिकवत होते. त्यांनी शिक्षकी परीक्षेचा प्रबंधच स्केटबोर्डिंगवर लिहिला, पुढे अमेरिकेतून बोर्ड आणून विकू लागले आणि नोकरी सोडून या धंद्यात पडले. 1982 मध्ये त्यांनी सुरू केलेली 'मॉन्स्टर मास्टरशिप' स्पर्धा जगज्जेतेपदाच्या तोडीची झाली. पुढे म्युन्स्टर अपुरं पडलं आणि ती डॉर्टमुंडच्या वेस्टफालेनहालेत भरू लागली. आणि फायलींचं म्हणाल, तर स्केटपार्कच्या बांधणीलासुद्धा युरोपात प्रमाणसंहिता आहे, तिचा क्रमांक 14974. बंडखोरीची उंची-जाडीही मोजलेली!

कायदा मात्र स्केटरला अजून कोड्यात टाकतो. जर्मन रहदारी नियमांच्या 24व्या कलमाप्रमाणे स्केटबोर्ड हे वाहनच नव्हे. त्यावर उभा असलेला माणूस पादचारी. त्याने फुटपाथ धरायचा, सायकलपट्टीवर जायचं नाही. आता फुटपाथ म्हणजे काय, तर चौकोनी लाद्या आणि दर लादीला फट. ट्रिकांसाठीची टणक, 52-54 मिलिमीटरची चाकं त्यावर असा खडखडाट करतात की दाढा हलतात. म्हणून पिशवीत मऊ चाकांचा दुसरा जोड आणि पाना हवाच. पाच मिनिटांत चाकं बदलतात, आणि ती पाच मिनिटं वसूल होतात.

खरं तर या प्रदेशाच्या जमिनीचीच गोष्ट मोठी आहे. शतकभर कोळसा उपसल्याने भूभाग खचत गेला. जमिनीखाली गटारं घातली तर फुटतील, म्हणून एम्शर नदीलाच काँक्रीटच्या पन्हळीत बसवून उघडं गटार केलं. ती तिरकी काँक्रीटची भिंत पाहून स्केटरचे पाय शिवशिवतात, पण कुंपण आणि जिवाला धोका असल्याच्या पाट्या उगीच नव्हत्या. जमीन स्थिरावल्यावर भूमिगत वाहिन्या आल्या आणि 2021 अखेर नदी सांडपाण्यातून मोकळी झाली. जर्मनीतली दगडी कोळशाची शेवटची खाण, बोट्रॉपची प्रॉस्पर-हानिएल, 2018 मध्ये बंद झाली. पाणी उपसणारे पंप मात्र कायम चालवावे लागणार आहेत, नाहीतर खचलेल्या भागांत तळी साचतील.

एक तळं मात्र मुद्दाम केलंय. डॉर्टमुंडच्या होर्डे भागातला फिनिक्स पोलाद कारखाना 2001 मध्ये बंद पडला. एका चिनी कंपनीने तो विकत घेतला, आणि चिनी कामगारांनी तो सुटा करून जहाजांनी मायदेशी नेला. उरलेल्या खड्ड्यात 2010 पासून पाणी भरलं. काठाला पोलाद बनवायचं एक भलंमोठं भांडं स्मारक म्हणून उभं आहे, समोर बंगले आणि कॉफीची दुकानं. फेरीचा रस्ता तीन किलोमीटरच्या आसपास आणि चाकांना अगदी सोयीचा. पण काठावरच्या घरांच्या किमती पाहता जुन्या भट्टीवरच्या कामगाराला तिथे राहणं परवडणार नाही. लोअर परळच्या फिनिक्स मिलचा मॉल पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

एसेनच्या झोलफराइनमध्ये गंमत जास्त. 2001 मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या या खाण-संकुलात कोक भट्ट्यांच्या कडेने हिवाळ्यात बर्फाची धावपट्टी करतात आणि उन्हाळ्यात कंटेनरांपासून केलेल्या तलावात लोक पोहतात. डुइसबुर्गच्या बंद लोखंड कारखान्यात, पेटर लाट्स यांनी आखलेल्या उद्यानात, खनिजाच्या कोठारांच्या भिंतींवर गिर्यारोहक चढतात आणि गॅसच्या जुन्या टाकीत पाणबुडे उतरतात. तिकीट नाही, रात्रीही खुलं. स्केटरला मात्र तिथे बोर्ड हातात घेऊन फिरणं जास्त. खडीचे रस्ते, जुने रूळ.

प्रवासाचं म्हणाल, तर 2023 मध्ये 49 युरोला सुरू झालेलं मासिक तिकीट आता महागलंय, तरी रूरच्या शहरांतून उड्या मारायला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. ते दर महिन्याला आपोआप नवं होतं, म्हणून परतायच्या आधी वेळेत रद्द करावं. रविवारी शांततेचा नियम कडक असतो. घरांच्या शेजारच्या पार्कात वेळापत्रकाची पाटी लावलेली असते, ती आधी वाचावी. खिडकीतून आवाज देणाऱ्या आजीबाईंशी वाद घालण्यात अर्थ नाही, पाटी त्यांच्या बाजूने आहे.