खेळाची पारख

नोकरीच्या निमित्ताने दिल्लीस, भोपाळला किंवा हैदराबादेस जाऊन राहणाऱ्या माणसाला नव्या गावी घर मिळते, शेजारही मिळतो. मैत्री मात्र बदलीच्या हुकमाबरोबर येत नाही. ती जमण्यास काही निमित्त लागते, आणि हे निमित्त पुष्कळदा पत्त्यांचा जोड अथवा एखादा पट पुरवितो. शनिवारी रात्री चौघे जमू लागतात, आणि दोनचार महिन्यांत त्या बैठकीला घरपणा येतो. पण अशा कितीतरी बैठका सहा महिन्यांच्या आत मोडतात. त्याचे खापर माणसांच्या स्वभावावर फोडले जाते. वास्तविक दोष अनेकदा खेळाच्या निवडीत असतो. तेव्हा मित्रमंडळात चालण्याजोगा खेळ ओळखावा कसा, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

खेळ पारखण्याची रूढ कसोटी अशी की, त्यात कौशल्य किती आणि नशीब किती ते पाहावे. कायद्यानेही हीच कसोटी पत्करली. मुंबईच्या १८८७ च्या जुगारविषयक कायद्याने केवळ कौशल्याच्या खेळांना आपल्या कक्षेबाहेर ठेवले. पुढे १९६७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे रमीचा प्रश्न आला. पडलेली पाने ध्यानात ठेवावी लागतात, कोणते पान राखावे व कोणते टाकावे याचा विचार करावा लागतो, म्हणून रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ होय. तीन पत्तीची गोष्ट निराळी, असे न्यायालयाने ठरविले. मात्र क्लबचा चालक त्या खेळातून नफा काढीत असेल तर प्रकरण वेगळे, हेही सांगावयास ते विसरले नाही. २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना बंदी केली, तेव्हा कौशल्य आणि नशीब हा भेदच बाजूस ठेवला.

यातून दिसते ते इतकेच की, ही कसोटी जन्मली ती पैशाच्या चिंतेतून. जेथे पैसा नाही, चार मित्र आहेत आणि पुढच्या शनिवारी तेच पुन्हा जमावेत एवढीच अपेक्षा आहे, तेथे ती अपुरी पडते. कौशल्य जितके अधिक तितका खेळ श्रेष्ठ, असे मानले तर बुद्धिबळाहून मोठा खेळ नाही, आणि ते खरेही आहे. परंतु दोघांच्या शक्तीत थोडे अधिक अंतर असले की, दहांपैकी दहा डाव एकच जण जिंकतो. हरणारा महिनाभर सोशिकपणे हरतो आणि मग त्याला शनिवारी अचानक कामे निघू लागतात. उलट सापशिडीत प्रत्येकाला जिंकण्याची सारखीच संधी असते. पण तेथे खेळणाऱ्याने ठरवावे असे काहीच नाही. फासा टाकणारा हात कोणाचाही असला तरी चालते. लहान मुलांस ते रुचते, मोठ्यांस दोन डावांत जांभई येते. म्हणजे नशिबाचा वाटा हा स्वतः दोष नव्हे. मंडळातल्या माणसांत अंतर जेवढे, तेवढा तो असावा, आणि तो असूनही प्रत्येक दानाला काही निवड उरावी.

या दृष्टीने आपल्या जुन्या पचिशीची घडण फार विचारपूर्वक झालेली दिसते. फुलीच्या आकाराचा पट, चार भुजा, प्रत्येक भुजेवर चोवीस, मिळून ९६ घरे. चौघांच्या मिळून सोळा सोंगट्या. आणि समोरासमोर बसलेले दोघे दोघे भिडू. सहा कवड्या टाकतात. एका प्रचलित रीतीत सहाही पालथ्या पडल्या तर पंचवीस, एकच उताणी पडली तर दहा. कवडी नाण्यासारखी दोहों बाजूंस सारखीच पडते असे धरले, तर चौसष्ट दानांत पंचवीस एकदा आणि दहा सहादा यावेत. कवडी तशी पडत नाही ही गोष्ट वेगळी. पण मोठे दान दुर्मीळ, आणि ते कोणालाही पडू शकते, हे तत्त्व कायम राहते.

नशिबाचा भाग येथे संपतो. पडलेल्या दानाने कोणती सोंगटी हलवावी, फुलीच्या सुरक्षित घरात थांबावे की पुढच्याची सोंगटी मारावी, किंबहुना दान पडूनही ते न खेळता सोडून द्यावे, हे खेळणाऱ्याने ठरवावयाचे. आणि मुख्य मेख अशी की, दोन्ही भिडूंच्या आठही सोंगट्या घरी पोचल्यावाचून जोडी जिंकत नाही. त्यामुळे ज्याच्या सोंगट्या झपाट्याने निघाल्या आहेत, त्याने घाईने घरी जाऊन बसणे शहाणपणाचे ठरत नाही. मागे राहिलेल्या भिडूसाठी वाट अडवून धरणे, प्रसंगी आपली सोंगटी पुन्हा पटाभोवती फिरविणे, हेच खरे खेळणे. दुबळा भिडू येथे ओझे नसतो. त्याला सांभाळून नेणे हाच डावाचा विषय असतो. फतेहपूर सिक्रीच्या अंगणात अकबराच्या काळचा दगडी पट अजून दिसतो, तो याच खेळाचा.

या पचिशीवरून इंग्लंडात लूडो तयार झाला व १८९६ साली त्याचे पेटंट घेतले गेले. कवड्यांच्या जागी चौकोनी फासा आला, पट सुटसुटीत झाला, आणि नेहमीच्या रीतीत भिडूही गेला. ज्याने त्याने आपल्या चार सोंगट्या घरी न्याव्यात. नियम सोपे करताना जे गाळले तेच खेळाचे मर्म होते, हे ज्याने दोन्ही खेळ खेळले आहेत त्याला सांगावे लागत नाही. आज मोबाइलवर देशभर लूडो खेळला जातो आणि पचिशीचा कापडी पट मात्र क्वचित कोठे पाहावयास मिळतो.

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याची कथा वेगळी. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा, अशी १२० गोल पाने; तिघांत वाटली तर एकेकाच्या हाती चाळीस. येथे हुकूम नाही, त्यामुळे अकस्मात उलथापालथ नाही. अर्ध्या रंगांत पानांचा मान चढता, अर्ध्यांत उतरता. कोणती पाने गेली व आता कोणते पान सरस उरले, हे ज्याला आठवते तो जिंकतो. नवख्याला येथे दयामाया नाही. त्या पानांची कारागिरी आजही वाखाणली जाते, पण ती घेतली जातात बहुधा शोभेसाठी. याला खेळाची ही कठोरताही थोडी कारण असावी.

मेंढीकोटाने मात्र मराठी घरे जिंकली. चार दश्श्या हस्तगत करावयाच्या. दोन दोन झाल्या तर तेरांपैकी ज्यांचे हात जास्त ते जिंकले. एक्का, राजा हाती असले म्हणजे झाले असे नाही. भिडूची दश्शी आपल्या हातात ओढून घेण्याची वेळ साधावी लागते. मुलगा, आजोबा आणि पाहुणा यांना एकाच पटकुरावर बसवील असा हा खेळ आहे. अडचण एकच. कट हुकूम की बंद हुकूम, याबाबत गावोगाव निरनिराळ्या चाली आहेत, आणि इंदूरचा, बेळगावचा व रत्नागिरीचा असे तिघे जमले तर पहिली रात्र वादातच जाते. ती जाऊ द्यावी. मात्र जे ठरेल ते पत्ते पिसण्यापूर्वी ठरावे.

ब्रिज हा पत्त्यांतला सर्वांत खोल खेळ, याविषयी दुमत नसावे. स्पर्धांतून त्याच पानांचे डाव निरनिराळ्या टेबलांवर खेळवून वाटणीतले नशीब जवळजवळ काढून टाकतात. २०१८ साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत प्रणव बर्धन व शिबनाथ सरकार यांनी सुवर्णपदक मिळविले ते याच खेळात. परंतु स्पर्धेला जे भूषण तेच घरच्या बैठकीला जड जाते. डाव संपला की त्याची उत्तरीय तपासणी सुरू होते: अमुक पान का टाकले, उतारी बदामाची का केली नाही. भिडूला चार लोकांत असे धारेवर धरण्याने जितक्या बैठका मोडल्या असतील, तितक्या पैशाच्या देवघेवीनेही मोडल्या नसतील. ब्रिज खेळणाऱ्यांनी ही तपासणी चहा येईपर्यंत पुढे ढकलावी. चहा झाला की निम्मे आक्षेप कोणास आठवत नाहीत.

खेळ पारखावयाचा तर एका रात्रीवरून मत देऊ नये. पहिली बैठक नियम समजण्यात जाते, दुसरीत खेळ कळू लागतो, तिसरीत माणसे दिसतात. त्या वेळी विजेत्याकडे पाहण्यापेक्षा मागे पडलेल्याकडे पाहावे. डावाच्या मध्यास त्याला अजून काही ठरवावयाचे उरले आहे की तो नुसता पाने टाकीत आहे? आपली पाळी नसताना त्याचे लक्ष पटावर आहे की घड्याळावर? हरल्यावर तो पाने गोळा करून पिसावयास घेतो की चपला शोधतो? जोड्याही बदलाव्यात. चौघांच्या जोड्या तीनच प्रकारे पडतात. तीन बैठकांत प्रत्येक जण प्रत्येकाचा भिडू होऊन जातो. चौथा आजारी असला तर तिघांसाठी पाच-तीन-दोन आहे. त्यात तीस पानेच लागतात, आणि पाच हात करण्याचा बोजा पाळीपाळीने फिरतो. पाचवा कोणी आयत्या वेळी आला, तर ब्रिजचा पट मुकाट्याने आवरावा आणि सर्वांना पुरेल असा झब्बू काढावा.