शिलावर्तुळांतील भूमिति : किती सिद्ध, किती कल्पित

१. विषयप्रवेश. — मोठमोठे धोंडे वाटोळे मांडून केलेलीं प्राचीन स्थळें पाहिलीं म्हणजे त्यांत कांहीं गूढ गणित दडलेलें असावें, अशी कल्पना पाहणाराच्या मनांत सहज उभी राहते. इंग्लंडांतील स्टोनहेंजविषयीं असे तर्क फार दिवस चालू आहेत. आपल्या विदर्भांतील शिलावर्तुळांविषयींहि ते आतां होऊं लागले आहेत. संगमनेर परिसराची ख्याति अशा वर्तुळांसाठीं नव्हे. संगमनेरजवळ प्रवरातीरीं असलेल्या जोर्वे या गांवीं १९५०-५१ सालीं डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. शां. भा. देव यांनीं उत्खनन केलें, आणि त्या गांवाच्या नांवानें दख्खनची एक ताम्रपाषाणयुगीन संस्कृति ओळखली जाऊं लागली. तथापि विदर्भांतील वर्तुळांचा उलगडा करूं पाहणारास जोर्वे संस्कृतीच्या पुराव्यापासून एक महत्त्वाचा धडा घेतां येतो. तो कोणता, हें क्रमानें दाखवावें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२. विदर्भांतील वर्तुळें. — नागपुराहून काटोलकडे जाणाऱ्या मार्गावर जुनापाणी येथें सुमारें तीनशें शिलावर्तुळें आहेत. बंगाल मुलकी खात्यांतील अधिकारी जे. एच. रिव्हेट-कार्नॅक यांनीं त्यांतील कांहीं उकरून पाहिलीं व त्यांविषयीं १८७९ सालीं लेख प्रसिद्ध केला. पुढें १९६१-६२ सालीं बी. के. थापर यांनीं तेथें शास्त्रीय पद्धतीनें उत्खनन केलें. टाकळघाट-खापा व माहुरझरी येथील उत्खननें नागपूर विद्यापीठाच्या वतीनें डॉ. देव यांनीं केलीं, आणि त्यांचे वृत्तांत अनुक्रमें १९७० व १९७३ सालीं प्रसिद्ध झाले. नैकुंड येथें तर लोखंड गाळण्याची भट्टी सांपडली. हीं वर्तुळें इ. स. पूर्व पहिल्या सहस्रकांतील असून तीं दफनस्थानें आहेत, याविषयीं आतां शंका उरलेली नाहीं. परिघावर धोंडे, आंत दगडगोट्यांचा व मातीचा भराव, आणि त्याखालीं अस्थि, मृत्पात्रें, लोखंडी हत्यारें, क्वचित् घोड्याच्या अस्थि, तोंडांतील लोखंडी कडी व तांब्याचे अलंकार, अशी त्यांची सामान्य रचना आहे.

या रचनेवरून एक गोष्ट ध्यानांत येते. परिघावरील धोंडे केवळ शोभेसाठीं नाहींत. आंतील भराव पावसानें वाहून जाऊं नये म्हणून घातलेला तो बांध आहे. माती व गोटे एका जागीं ओतीत गेल्यास ढीग आपोआप वाटोळा होतो. त्याच्या पायाशीं धोंडे लावले कीं वर्तुळ तयार. म्हणजे आकृति वाटोळी आहे एवढ्यावरून करणाऱ्यास भूमिति येत होती असें म्हणतां येत नाहीं.

३. वाटोळेपणाचें फसवें साम्य. — आपल्याकडे वाटोळ्या मांडणीचीं उदाहरणें इतरहि आहेत. मळणीच्या खळ्यांत मध्यें मेढ रोवून तिला बांधलेले बैल फिरविले म्हणजे दोरीच्या लांबीचें वर्तुळ पडतें. चुन्याच्या घाणीचा दगडी चरहि वाटोळाच असतो. दख्खनच्या कित्येक गांवांबाहेर वेताळाच्या स्थानाभोंवतीं चुन्यानें पांढरे केलेले व माथ्यावर शेंदूर लावलेले दगड वर्तुळांत मांडीत. रेव्हरंड जॉन स्टीव्हन्सन यांनीं एकोणिसाव्या शतकांतच या स्थानांकडे विद्वानांचें लक्ष वेधलें होतें. म्हणून एखाद्या माळावर दगडांचें कडें दिसल्याबरोबर तें महापाषाणयुगांतलें ठरवूं नये. आंतील भराव, मृत्पात्रांचे तुकडे आणि लोखंड यांचा पुरावा आधीं पाहावा, भूमिति मागून.

४. मापाचा प्रश्न. — दडलेल्या भूमितीचा सिद्धान्त सर्वांत नेटानें मांडला तो स्कॉटिश अभियंते व ऑक्सफर्ड येथील प्राध्यापक अलेक्झांडर थॉम यांनीं. ब्रिटनमधील शेंकडों वर्तुळांची मोजणी करून त्यांनीं १९६७ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचें म्हणणें असें कीं, या रचना आंखणाऱ्यांनीं सुमारें ०.८२९ मीटर लांबीचें एकच माप सर्वत्र वापरलें. आणि ज्या रचना वर्तुळ नसून चपट्या किंवा अंडाकृति आहेत त्या ३, ४, ५ बाजूंच्या त्रिकोणासारख्या आकृतींवर उभारल्या आहेत. सांख्यिकीचे पंडित डेव्हिड केंडॉल यांनीं १९७४ सालीं या मापाची कसोटी घेतली. स्कॉटलंडांतील वर्तुळांत असें कांहीं एकक असावें असा कल दिसला. पण पावलांनीं अंतर मोजल्यासहि तेवढा मेळ बसतो, असा आक्षेप तेव्हांपासून घेतला जातो.

आपल्याकडील वर्तुळांस हें माप लावून पाहण्यापूर्वीं एक साधें उदाहरण करून पाहावें. समजा, एका वर्तुळाचा व्यास धोंड्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत १५ मीटर आहे आणि प्रत्येक धोंडा ८० सेंटिमीटर जाड आहे. आंतल्या बाजूनें मोजल्यास व्यास १४.२ मीटर होईल, बाहेरच्या बाजूनें १५.८ मीटर. आतां यांस ०.८२९ नें भागावें. आंतून सुमारें १७, मध्यापासून १८ आणि बाहेरून १९ असे तिन्ही आंकडे जवळजवळ पूर्णांक येतात! मग खरें माप कोणतें? पंचेचाळीस सेंटिमीटरचा हात घेतला तर आंतून साडेएकतीस, मध्यापासून सवातेहतीस व बाहेरून पस्तीस हात. म्हणजे येथेंहि बाहेरची कड धरणारास पूर्णांक मिळालाच. तात्पर्य, ज्या ओबडधोबड धोंड्याची जाडीच एककाएवढी, त्यावरून एककाची लांबी काढणें म्हणजे मुसळानें सुईचें नेढें मोजण्यासारखें आहे. एका वर्तुळावरून माप सिद्ध होत नाहीं. पुष्कळ वर्तुळें, सर्व एकाच रीतीनें मोजलेलीं, समोर असलीं तरच कांहीं बोलतां येईल.

५. खळगे आणि दिशा. — जुनापाणीच्या कांहीं धोंड्यांवर वाटीसारखे लहान खळगे कोरलेले आहेत. रिव्हेट-कार्नॅक यांनींच ते प्रथम नोंदले व ब्रिटनमधील तशाच खळग्यांशीं त्यांची तुलना केली. हे खळगे मनुष्यानें बुद्धिपुरस्सर केलेले आहेत, यांत संशय नाहीं. परंतु खळगे असलेले धोंडे सूर्याच्या उदयास्तांच्या दिशा दाखवितात हें म्हणणें निराळें, व तें निराळ्या कसोटीस लावलें पाहिजे.

नागपूरच्या अक्षांशावर उत्तरायणाच्या शेवटीं सूर्य ठीक पूर्वेच्या सुमारें २५ अंश उत्तरेस उगवतो व दक्षिणायनाच्या शेवटीं तितकाच दक्षिणेस. मावळतांना पश्चिमेकडेहि तसेंच. या चार दिशांत शुद्ध पूर्व व शुद्ध पश्चिम मिळवल्या म्हणजे सहा झाल्या. प्रत्येकीस दोन्ही बाजूंनीं पांच अंशांची सूट दिली तर ३६० पैकीं ६० अंश, म्हणजे परिघाचा सहावा हिस्सा, ‘अर्थपूर्ण’ ठरतो. एका वर्तुळांत खळग्यांचे तीन धोंडे असले व ते कसेहि पडलेले असले, तरी त्यांपैकीं निदान एक तरी या सहांतील एखाद्या दिशेवर येण्याचा संभव शंभरांत बेचाळीस आहे. यांत चंद्राच्या व ताऱ्यांच्या दिशा आणखी घातल्या तर कोणतेंच वर्तुळ सुटणार नाहीं. शिवाय परिघावर वीस धोंडे सारख्या अंतरावर असले तर कोणत्याहि दिशेपासून नऊ अंशांच्या आंत एक तरी धोंडा असतोच. म्हणून ‘मिळाली’ अशा दिशांची संख्या सांगून भागत नाहीं. न मिळालेल्या धोंड्यांची संख्याहि सांगितली पाहिजे.

यावरून कोणाहि प्राचीन लोकांस सरळ रेषा आंखतां येत नव्हती असें मात्र म्हणावयाचें नाहीं. शोरापूरच्या मुलखांत, हल्लींच्या कर्नाटकांतील यादगीर जिल्ह्यांत, शहापूरजवळ विभूतिहळ्ळी येथें धोंड्यांच्या तिरप्या ओळींची विस्तीर्ण जाळी आहे. मेडोज टेलर यांनीं एकोणिसाव्या शतकांत तिचें वर्णन केलें, व अशा रांगांविषयीं एफ. आर. ऑल्चिन यांनीं १९५६ सालीं लिहिलें. तेथें नियम डोळ्यांस दिसतो, कारण तोच क्रम एका ओळीमागून दुसऱ्या ओळींत पुन्हां पुन्हां येतो.

६. ग्रंथांतील साक्ष. — आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या संग्रहीं वैदिक पोथ्या आहेत त्यांस या प्रश्नाचें आणखी एक अंग परिचित असेल. शुल्बसूत्रांत शंकु आणि रज्जु यांवर सर्व भूमिति उभी आहे. गार्हपत्याची चिति वाटोळी, आहवनीय चौरस, व दोहोंचें क्षेत्रफळ समान असावें, हा मूळ प्रश्न. चौरसाचें वर्तुळ करण्याची बौधायनाची रीति अशी : अर्धकर्ण अर्ध्या बाजूहून जितका अधिक, त्याचा तिसरा हिस्सा अर्ध्या बाजूंत मिळवावा, म्हणजे त्रिज्या आली. या रीतीनें वर्तुळाचें क्षेत्रफळ चौरसाहून शेंकडा पावणेदोन इतकेंच अधिक भरतें. कात्यायनानें दिशासाधनाची रीति दिली आहे : सपाट भूमीवर शंकु रोवून तेवढ्याच रज्जूनें वर्तुळ काढावें, सकाळीं व सायंकाळीं शंकूच्या छायेचें टोंक परिघास जेथें लागेल तेथें खुणा कराव्या, दोन खुणांस जोडणारी रेषा पूर्वपश्चिम होय.

शतपथब्राह्मणाच्या तेराव्या कांडांत श्मशानाच्या आकाराचाच विचार आहे. देवपक्षीय लोक तें चौकोनी करीत आणि असुरपक्षीय, पूर्वेकडील व इतर लोक वाटोळें करीत, अशा आशयाचें विधान तेथें आहे. विदर्भांतील वर्तुळें याच लोकांचीं, असें त्यावरून ठरवणें साहसाचें होईल. परंतु थडग्याचा आकार हा त्या काळीं समाजभेदाची खूण मानला जात होता, एवढें त्यावरून निश्चित दिसतें. वर्तुळाचा अर्थ आकाशांत शोधण्याआधीं तो समाजांत शोधावा, असा इशारा या वचनांत आहे.

७. जोर्वे संस्कृतीचा दाखला. — आतां प्रवरेकडे वळूं. जोर्वे येथें तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी व एक बांगडी सांपडली. त्या संस्कृतीचा मुख्य काळ इ. स. पूर्व सुमारें १४०० ते १००० मानतात. हे लोक मृतांस गांवाबाहेर धोंड्यांच्या कड्यांत पुरीत नसत. घराच्या जमिनीखालीं किंवा अंगणांत पुरीत. मुलांसाठीं दोन मडकीं तोंडास तोंड लावून आडवीं ठेवीत. प्रौढांस खड्ड्यांत उताणें निजवीत व त्यांचीं पावलें घोट्याखालीं तोडीत. शिरूर तालुक्यांत घोड नदीवरील इनामगांव येथें १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजानें जें उत्खनन केलें, त्यांत अशीं दोनशेंहून अधिक दफनें मिळालीं, आणि त्यांची मांडणी सामान्यतः उत्तर-दक्षिण, डोकें उत्तरेस, अशी आढळली. अपवादहि आहेत. एक प्रौढ पुरुष चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणांत बसलेल्या स्थितींत पुरलेला होता व त्याचीं पावलें शाबूत होतीं. हा कोणी प्रमुख असावा असा तर्क आहे.

दडलेली भूमिति ती हीच. येथें धोंडे नाहींत, खळगे नाहींत, वर कांहीं दिसतहि नाहीं. तरी दिशेचा नियम निर्विवाद आहे. कारण तोच नियम शेंकडों वेळां पाळलेला आहे, आणि जेथें मोडला आहे तेथें मोडण्याचेंहि कांहीं कारण दिसतें. शिलावर्तुळांविषयीं जो कोणी असा नियम सांगेल त्यानें याच प्रतीचा पुरावा द्यावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.

८. मोजणीची रीति. — असा पुरावा जमविणें सामान्य अभ्यासकाच्याहि आटोक्यांतलें आहे. प्रत्येक वर्तुळाचे सर्व धोंडे, उभे तसेच कलंडलेले, एका खुंटीपासून फीत लावून मोजावे. प्रत्येकाची आंतील कड, मध्य व बाहेरील कड वेगळी नोंदावी. परिघावरील कोणतेहि तीन धोंडे घेऊन मध्य काढावा, मग दुसरे तीन घेऊन पुन्हां काढावा. असे निघालेले मध्य एकाच जागीं पडले तर वर्तुळ दोरीनें आंखलेलें असण्याचा संभव, पसरले तर नजरेनें मांडलेलें. दिशेसाठीं होकायंत्रावर विसंबूं नये. आपल्या काळ्या पत्थरांत लोहाचा अंश असल्यानें सुई फसते. वर सांगितलेली छायेची रीति येथें अधिक भरंवशाची. क्षितिजावरील डोंगराची उंचीहि लिहून ठेवावी, कारण डोंगराआडून उगवणारा सूर्य निराळ्या दिशेस दिसतो. धोंडा मात्र हलवूं नये व आंत उकरूं नये.

हें काम पुढें ढकलण्यासारखें नाहीं. खाणी, रस्ते, नव्या वसाहती, नांगर आणि गुप्तधनाचा लोभ यांपुढें ओबडधोबड धोंड्यांचें रक्षण होणें कठीण. शिलालेख फुटला तर त्याचा ठसा एखाद्या संग्रहांत असूं शकतो. पोथी गेली तर तिची दुसरी प्रत मिळूं शकते. वर्तुळांतला एक धोंडा जागचा हलला म्हणजे त्याची दिशा व अंतर कायमचें गेलें, आणि तीनशेंतील एक साक्षीदार कमी झाला. यासाठीं तर्क करणाऱ्यांनीं आधीं फीत घेऊन जावें, व मोजलेला प्रत्येक आंकडा, सोईचा तसाच गैरसोईचा, अभ्यासकांपुढें ठेवावा, अशी आमची विनंति आहे.