पाऊल कुठे ठेवायचं, ते गुडघ्याला विचारा

खुर्चीवर बसा आणि वाकलेला पाय हळूहळू सरळ करत न्या. अगदी शेवटी नडगी किंचित बाहेरच्या अंगाला वळते. अंगठ्याकडे नीट पाहिलं तर कळतं. गुडघ्याला आपण दाराची बिजागरी समजतो, पण तो वाकता-उघडता जरासा फिरतोही. सायकलवर पाय पूर्ण सरळ होत नाही. पेडल तळाला गेलं तरी गुडघ्यात साधारण ३० अंशांचा वाक उरतो. तरीही थोडं फिरणं चालूच राहतं. मिनिटाला ८० फेऱ्या धरल्या, तर तासाला ४८०० वेळा.

हे सगळं मी हौसेने शिकलो नाही. मागच्या वर्षी एका उतारावर तोल गेला, बूट पेडलमधून सुटला नाही आणि पाऊल अडकलेलं असताना अंग वळलं. उजव्या गुडघ्यातली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटली. पुढे सायकलची परवानगी देताना फिजिओथेरपिस्ट बाईंनी एकच अट घातली: "चालवा, पण ते बूट अडकवणं आता बंद."

बूट अडकवायच्या त्या पेडलांना 'क्लिपलेस' म्हणतात, हा एक विनोदच. जुन्या, चवड्यावरच्या पिंजऱ्यासारख्या क्लिपा गेल्या म्हणून ते नाव. फ्रान्सच्या लुक कंपनीने १९८४ मध्ये तशी पेडलं आणली, पुढच्याच वर्षी बर्नार इनोने त्यांवर टूर द फ्रान्स जिंकली. त्यातून सुटायचं तर टाच बाहेर मुरडावी लागते. फाटलेल्या गादीला नको असते ती नेमकी हीच मुरड.

मग उरली साधी, सपाट पेडलं, ज्यांत बूट अडकत नाही. त्यांवर पाय वर ओढता येत नाही, मग जोर वाया जातो, असं जुने सायकलवाले सांगतात. २००७ मध्ये टॉमस कॉर्फ आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. पाय मुद्दाम वर ओढायला सांगितल्यावर बळ योग्य दिशेने लागलं खरं, पण तेवढ्याच कामाला शरीराची ऊर्जा जास्त खर्ची पडली. आणि ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल सपाट पेडलांवरच २०१७ ते २०१९ अशी सलग तीन वर्षं माउंटन बाइकची एंड्युरो वर्ल्ड सिरीज जिंकला.

मी दुकानात गेलो तर दुकानदाराने सर्वांत काटेरी पेडल पुढे केलं. उंच पिना, बुटाला चिकट रबराचा तळवा: पाऊल असं धरून ठेवतं की सरकवायचं तर उचलावंच लागतं. खडकाळ उतारावर ते हवंच. पण दुखऱ्या गुडघ्याचं काय? क्लिपमधून सोडवलेला पाय आपण पुन्हा पिनांवर टांगायचा! मी नायलॉनची रुंद पेडलं घेतली, ज्यांच्या पिना ॲलन कीने काढता येतात. प्रत्येक बाजूच्या मधल्या चार काढल्या, कडेच्या ठेवल्या. पाऊल घसरत नाही, पण थोडं वळतं. बाकी आखूड पिनांनीही नडगीवर ओरखडे काढलेच, ती सपाट पेडलची दक्षिणा.

पेडल बदलताना एक ध्यानात ठेवा: डाव्या पेडलचा आटा उलटा असतो. पाना वरच्या बाजूला धरून मागच्या चाकाकडे फिरवला की दोन्ही सुटतात. मी डावं पेडल आधी नेहमीच्या दिशेने फिरवून चांगलं घट्ट केलं होतं.

पाऊलही थोडं पुढे सरकवून ठेवतो. पेडलचा दांडा चवड्याच्या किंचित मागे आला की पोटरी आणि घोट्याला कमी राबावं लागतं.

दीड महिन्याने बूट उलटे करून पाहिले. पिनांचे ठसे डाव्या तळव्यावर सरळ रांगेत आहेत, उजव्यावर चांगले तिरके. जुन्या बुटांना क्लीट, म्हणजे तळाशी पेडलमध्ये अडकणारा तुकडा, बसवताना मी दोन्ही पाय पट्टीने मोजून अगदी सारखे केले होते.