हात रिकामे, दिवस मोठा

पेन्शनर मंडळींना दर नोव्हेंबरमध्ये बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. माणूस जिवंत आहे, एवढेच तो कागद सांगतो. दिवस कसा जातो, याला त्यात रकाना नाही. वृद्धाश्रमाकडेही आपण याच नजरेने पाहतो. खाटा, जेवण, औषधे ठीक ना? मग झाले! २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांच्या निवाऱ्याचा विचार केला. पण निवाऱ्यात बसून दिवसभर करायचे काय?

कृष्णा-तारळीच्या संगमावरचे उंब्रज घ्या. तिथली म्हातारी माणसे जन्मभर शेतात राबलेली. त्यांना दुपारभर टीव्हीसमोर बसवणे ही विश्रांती नव्हे, शिक्षाच. आठ-दहा जणांच्या घरगुती आश्रमात शेंगा फोडणे, मेथी निवडणे, वाती वळणे, पेपर मोठ्याने वाचून दाखवणे ही कामे सहज निघतात. मात्र काम खरे हवे. निवडलेली मेथी त्याच दिवशी कढईत पडली पाहिजे. आणि ‘आज नको’ म्हणायची मुभाही हवी.

एलन लँगर व ज्युडिथ रोडिन यांनी १९७६ साली अमेरिकेतील एका शुश्रूषागृहाचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही वृद्धांना स्वतःचे निर्णय घ्यायला आणि एक रोप सांभाळायला सांगितले. इतरांची रोपे परिचारिकांनी सांभाळली. पहिला गट अधिक तरतरीत आणि आनंदी आढळला.

आपल्याकडे तुळस आहेच. ती एका आजीच्या स्वाधीन करा, आणि मग दुसऱ्या कोणी पाणी घालू नका. ‘तुम्ही बसा, आम्ही करतो’ हे आपले प्रेमाचे वाक्य; पण तेच माणसाला लवकर म्हातारे करते.