तणसातली अंडी

आमच्या अर्जुनी मोरगावकडे धानाची मळणी आटोपली की घराघरामागच्या सांदवाडीत तणसाचा ढीग उभा राहतो. गुरांची वर्षाची सोय होते. कोंबड्यांचीही होते, आणि तिथूनच माझी कटकट सुरू झाली.

कोंबड्या नऊ. सात गावठी आणि दोन हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने तयार केलेल्या वनराजा, अंगाने जड. त्यांच्यासाठी मी अंगणाकडे तोंड करून पत्र्याच्या डब्यांची रांग लावली होती; मला येता-जाता दिसावं म्हणून. अंडं घालायला एकही तिकडे फिरकली नाही. दोघी रात्री त्यात झोपल्या तेवढ्या, आणि घाण करून ठेवली. अंडी कुठे जातात? मुंगसावर आळ घालून मी मोकळा झालो.

मग एके दिवशी गाईसाठी तणस ओढताना हात एका गरम खळग्यात गेला. अकरा अंडी! बादलीतल्या पाण्यात सोडली. चार तळाशी आडवी झाली, तीन टोकावर उभी राहिली, चार तरंगली. तरंगलेली लांब नेऊन पुरली.

शेजारच्या आजी हे सगळं बघत होत्या. “कोंबडीले उजेडात बसवता का जी गुरुजी?” एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी डबे काढले. बुरडाकडून तीन टोपल्या आणल्या, खुराड्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जमिनीवरच ठेवल्या. तळाला राख, वर तणस, पुढे फाटक्या पोत्याचा पडदा. झोपायला वेगळा बांबू, टोपल्यांहून उंच. कोंबडी रात्री उंच जागा धरते, म्हणून टोपल्या स्वच्छ राहिल्या. प्रत्येकीत एक अंडं, कोळशाची खूण केलेलं. रोजची अंडी उचलायची, खुणेचं ठेवायचं. आधीचं अंडं दिसलं की तिला जागा बिनधोक वाटते. ते फार दिवस ठेवलं तर सडतं, म्हणून पुढे मी नाल्यातले पांढरे गोटे ठेवले. कोंबड्यांना फरक पडला नाही.

खरी मेख दाराची. एक अंडं तयार व्हायला चोवीस ते सव्वीस तास, त्यातले वीसेक नुसत्या कवचाला. त्यामुळे बहुतेक अंडी सकाळी येतात, पण रोज थोडी उशिरा. मी साडेदहापर्यंत दार उघडेना. आत कनकी आणि पाणी. पहिले दोन दिवस इतका गोंधळ, की घरचे माझ्याशी बोलेनात.

पडद्याच्या फटीतून एकदा अख्खं बघितलं. तांबडी आत गेली, बाहेर आली, पुन्हा गेली. चोचीने एकेक काडी उचलून पाठीवर टाकली, छातीने खळगा गोल केला आणि गप्प बसली. वीस मिनिटांनी अर्धवट उठली. ओलं, चकाकतं अंडं खाली पडलं आणि बघता बघता कोरडं झालं. मग जी ओरडली!

पंधरवड्यात आठ जणी टोपलीत आल्या. तीन टोपल्या असून सगळ्यांना एकच हवी; दोघी एकीत दाटीवाटीने बसतात, तिसरी बाहेर कटकट करते.

राहिली काळी. तिचं अंडं दुपारीच येतं. मी मागोमाग गेलो की विहिरीपाशी उगाच माती उकरत थांबते, आणि मी वळलो की तणसाकडे.