मोठा दवाखाना कोणाचा?

जळकोटच्या परिसरात ‘मोठा दवाखाना’ म्हणजे सगळे उपाय थकल्यावर माणसाला न्यायची जागा. ही जागा डॉक्टर घडवण्याची शाळाही असते, हे मात्र आपल्या वस्त्यांतून फारसे बोलले जात नाही. उपचार आणि शिक्षण एकाच छपराखाली का असतात, आणि त्यात आपल्या समाजाचा वाटा कोणता, याचा विचार आपण केला पाहिजे.

आरोग्याची सरकारी व्यवस्था पायऱ्यांची आहे. निकषाप्रमाणे ५,००० लोकवस्तीला एक उपकेंद्र, ३०,००० ला प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर ३० खाटांचे ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा व जिल्हा रुग्णालय, आणि सर्वांत वर वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. घरातला पहिला पदवीधर म्हणून वस्तीतली माणसे माझ्याकडे चिठ्ठी घेऊन येतात : ‘सर, काय लिहिलंय बघा.’ बहुधा लिहिलेले असते की पुढील उपचारासाठी पाठवीत आहोत. जळकोटहून ही वाट उदगीरमार्गे लातूरला जाते, नाहीतर नांदेडला. खाली भूलतज्ज्ञ नसला, रक्त नसले की अडलेली बाळंतीण वर पाठवता येते. सर्वांत वरच्या पायरीला मात्र पाठवायला जागाच उरत नाही. म्हणून ते गरिबाचे शेवटचे न्यायालय ठरते.

मराठवाड्याला ही पायरी उशिरा मिळाली. निजामी राजवटीत वैद्यकीय शिक्षण हैदराबादेत होते. औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची ‘घाटी’ १९५६ ची, अंबाजोगाईचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ चे, नांदेडचे १९८८ चे आणि लातूरचे सरकारी महाविद्यालय २००२ चे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली तेव्हा लातूरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय नव्हते, हे विसरून चालणार नाही.

आता शिक्षणाकडे वळू. हृदयाचा बिघडलेला ठोका पुस्तकात वाचून कळत नाही, तो कानाने ऐकावा लागतो. म्हणून वॉर्डात प्राध्यापक येतात, त्यांच्या मागे निवासी डॉक्टर, त्यांच्या मागे विद्यार्थी. तोच प्रश्न चौघे विचारतात. आपल्या म्हातारीला वाटते, ही पोरे आपली थट्टा करतात. वास्तविक चार जणांनी तपासले की एकाच्या नजरेतून सुटलेले दुसऱ्याला सापडते, आणि तरुण डॉक्टरला वरिष्ठासमोर कारण द्यावे लागते. हा रोग्याचा फायदाच आहे.

परंतु दुसरी बाजूही आहे. या शाळेचे पुस्तक कोण? पैसेवाला खाजगी खोलीत झोपतो. विद्यार्थ्यांचे हात ज्याच्या पोटावर शिकतात तो बहुतांशी भूमिहीन, मजूर, ऊसतोड्या असतो. १९४९ सालच्या अ‍ॅनाटॉमी कायद्याने बेवारस मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयांना देण्याची सोय केली. बेवारस कोण मरतो, हे सांगायला नको. या देशातल्या वैद्यकविद्येवर गरिबाचे कर्ज आहे. रोग्याला आधी विचारणे, त्याच्या भाषेत समजावणे आणि पडदा ओढणे हे त्या कर्जाचे साधे व्याज आहे. त्यात उपकाराचा भाग नाही.

आणि हे पुस्तक वाचायला कोणाला बसू दिले? मद्रास राज्यातल्या वैद्यकीय जागांच्या वाटणीवरूनच चंपकम दोराईराजन हा खटला झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये ती वाटणी रद्द केली, आणि त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने कलम १५(४) आले. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कायदामंत्री होते. आपली मुले वैद्यकीय महाविद्यालयात गेली ती या वाटेने. पण दार उघडले म्हणजे आतली माणसे बदलली असे होत नाही. मुंबईच्या नायर रुग्णालयात शिकणाऱ्या डॉ. पायल तडवी या आदिवासी तरुणीने मे २०१९ मध्ये जीवन संपवले. जातीवरून छळ झाल्याचा आरोप न्यायालयापर्यंत गेला.

ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाल्याचे उघड झाले. त्यांत १२ नवजात बालके होती. औषधांची टंचाई आणि कर्मचाऱ्यांची कमतरता यांची चर्चा झाली, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्याच आठवड्यात एका खासदाराने तिथल्या अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावले आणि अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. शौचालय साफ करणे ही शिक्षा वाटते, याचे कारण काय? ते काम पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्यावर लादले, त्यांना या समाजाने शिक्षाच दिली होती. सफाईची किती पदे रिकामी आहेत, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

मोठा दवाखाना खचला तर श्रीमंताचे काही अडत नाही. आपल्या रोग्याची खाट जाते आणि आपल्या मुलाची जागाही जाते. ही दोन नुकसाने एकच आहेत. म्हणून खालच्या पायऱ्यांवर डॉक्टर हवेत, ही मागणी जळकोटमध्येच झाली पाहिजे. आपल्या शिकलेल्या पोरांनी रोग्यासोबत जावे, संमतीपत्रावर अंगठा उठण्याआधी ते मोठ्याने वाचून दाखवावे. आणि जी मुले डॉक्टर होतील त्यांनी वॉर्डातल्या त्या म्हातारीला ‘आजी’ म्हणून हाक मारावी. तिच्याच जिवावर ती शिकली आहेत.