चुकीनंतरचा आत्मविश्वास

सार्वजनिक काम करणाऱ्याच्या हातून कधीच चूक होणार नाही, असे गृहीत धरून कोणतीही कार्यपद्धती आखलेली नसते. नोंदवहीत आकडा चुकतो, दाखल्यावर नाव चुकीचे पडते, प्रस्ताव पाठविण्याची मुदत टळते. अशा वेळी चूक दुरुस्त करणे हा प्रश्नाचा एक भाग झाला. ज्याच्या हातून ती झाली, त्याचा स्वतःच्या कामावरील विश्वास पुन्हा कसा उभा राहावा, हा दुसरा भाग होय आणि त्याकडे सहसा दुर्लक्ष होते. परिणामी, चुकलेला कर्मचारी एक तर प्रत्येक कागद वरिष्ठांकडे ढकलू लागतो किंवा पहिली चूक झाकण्याच्या धडपडीत दुसरी, अधिक गंभीर चूक करून बसतो. दोन्ही प्रकारांत नुकसान होते ते जनतेचे.

या प्रश्नाचा विचार करताना पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील वेल्ह्याच्या डोंगराळ मुलखातील एका कामाचा इतिहास मार्गदर्शक ठरतो. ते काम म्हणजे पानशेत धरण.

आंबी नदीवर दुसऱ्यांदा

आंबी नदीवरील पानशेतच्या मातीच्या धरणात १९६१ च्या पावसाळ्यात प्रथमच पाणी साठविण्यात आले. पाणी सोडण्याच्या मार्गाचे व त्याच्या दरवाजांचे काम तेव्हा पूर्ण झालेले नव्हते. जुलैच्या जोरदार पावसात जलाशय भरत गेला आणि या मार्गावरील बांध खचू लागला. जवानांनी वाळूची पोती रचून तो सावरण्याची शिकस्त केली. तथापि, १२ जुलै १९६१ रोजी सकाळी धरण फुटले. खाली मुठा नदीवर असलेले, एकोणिसाव्या शतकात बांधलेले खडकवासल्याचे धरणही त्याच दिवशी भगदाड पडून निकामी झाले आणि पुणे शहराचा नदीकाठ पाण्याखाली गेला. अनेकांचे प्राण गेले, हजारो कुटुंबांचे संसार वाहून गेले. त्या हानीची भरपाई कोणत्याही दुरुस्तीने होण्यासारखी नव्हती.

पुढे काय झाले, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. दुर्घटनेच्या चौकशीसाठी आयोग नेमण्यात आला. मातीची धरणे बांधणेच नको, असा निष्कर्ष शासनाने काढला नाही. त्याच नदीवर, पानशेत येथेच धरण पुन्हा उभारण्यात आले व १९७२ मध्ये ते पूर्ण झाले. शेजारच्या मोसे नदीवर नंतर वरसगावचे धरणही झाले. आज पानशेतचा उपयुक्त साठा सुमारे १०.६५ अब्ज घनफूट असून पुणे शहराची तहान व खालच्या भागातील शेती त्यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. ज्या पाण्याने शहर उद्ध्वस्त केले, त्याच नदीच्या पाण्यावर शहराने पुन्हा विश्वास ठेवला. हा विश्वास केवळ आश्वासनांनी आलेला नाही. दर पावसाळ्यात धरण प्रत्यक्ष उभे राहिलेले दिसले, म्हणून तो आला. धरण सुरक्षा कायदा, २०२१ नुसार पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर धरणांची पाहणी करणे आता बंधनकारक आहे. चूक पुन्हा होऊ शकते, हे मान्य करूनच ही व्यवस्था उभी आहे.

मूळ नोंद पुसू नये

हेच तत्त्व गावपातळीवरील दप्तरातही आढळते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ अन्वये, नोंदीत चूक आढळल्यास मूळ नोंदीत कोणताही फेरफार न करता समासात दुरुस्ती करावयाची असते आणि तिच्याखाली निबंधकाने दिनांकासह सही करावयाची असते. चुकीची नोंद वाचता येते, शेजारची बरोबर नोंदही वाचता येते आणि ती कोणी, केव्हा केली हेही कळते. खाडाखोड केलेल्या नोंदवहीवर कोणी विसंबत नाही. समासात सही असलेल्या नोंदवहीवर मात्र न्यायालयही विसंबू शकते.

माणसाच्या बाबतीतही हेच खरे आहे. चूक लपविणाऱ्याला ती उघडकीस येण्याची भीती सतत बाळगावी लागते आणि भीतीच्या सावलीत आत्मविश्वास वाढत नाही. चूक कळताच ती लेखी कळविणाऱ्याच्या मनावरचा भार निम्मा कमी होतो. दुरुस्तीचे कामही तेथूनच सुरू होते.

धीर परत येण्याचा क्रम

पहिली गोष्ट, चूक कळली त्याच दिवशी कळवावी. ज्यांना तिचा त्रास होणार आहे, त्यांनाही सांगावे. शिष्यवृत्तीच्या यादीतून एखाद्या विद्यार्थ्याचे नाव सुटले असेल, तर मुदत संपण्यापूर्वी कळलेली चूक दुरुस्त होऊ शकते, नंतर कळलेली बहुधा नाही.

दुसरी गोष्ट, कारण शोधताना व्यक्ती आणि पद्धत यांचा वेगवेगळा विचार करावा. आकडा घाईत लिहिला गेला, की तो ताडून पाहण्याची सोयच नव्हती? केवळ ‘माझेच चुकले’ म्हणून थांबणारा आणि केवळ ‘पद्धतच सदोष’ म्हणून सुटणारा, दोघेही अर्धेच उत्तर शोधतात.

तिसरी गोष्ट, तेच काम पुन्हा करावे. चुकलेल्या कर्मचाऱ्याकडून ते काम कायमचे काढून घेतल्यास त्याच्या मनातील भीती पक्की होते. प्रथम थोडे काम द्यावे, दुसऱ्याने ते तपासावे आणि ठराविक काळ काम बिनचूक झाल्यावर ही जादा तपासणी थांबवावी. ती केव्हा थांबेल हे आधीच सांगितले, तर देखरेख शिक्षेसारखी वाटत नाही.

वरिष्ठांची जबाबदारी

अर्थात अपहार किंवा वारंवारचा हलगर्जीपणा यांना अनवधानाने झालेल्या चुकीच्या पंक्तीत बसविता येणार नाही. त्यांची चौकशी नियमांनुसार झालीच पाहिजे. परंतु चूक कळविणाऱ्याला चारचौघांत अपमानित करणारा अधिकारी, मुख्याध्यापक किंवा सरपंच हा पुढची चूक आपल्यापासून लपविली जाईल, याचीच तजवीज करीत असतो. बांध खचू लागला आहे हे सांगणारा माणूस प्रत्येक कार्यालयात हवा असतो. त्याचे म्हणणे वेळीच ऐकून घेतले जाईल, अशी खात्री सहकाऱ्यांना देणे ही वरिष्ठांची जबाबदारी आहे. ही खात्री असेल तेथे चूक लवकर उघड होते, लहान असतानाच दुरुस्त होते आणि चुकलेला माणूस पुन्हा उमेदीने कामाला लागतो.